पूजेचा पंप आणि ताईची विहीर

खंडेनवमीला यंत्रं धुवायची, हळदकुंकू लावून झेंडूचे हार घालायचे आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्या वाळूजच्या कारखान्यातली रीत. मलाही ती आवडायची. वर्षभर शिव्या खाणाऱ्या मशिनींना एक दिवस तरी मान मिळतो, असं मी म्हणायचो. आता त्या दिवशी मी रजा टाकतो.

कारखाना सुट्या भागांना क्रोमचा मुलामा देणारा, आणि मी तिथं सांडपाण्याच्या विभागात. आमच्या आवारात तेल, ॲसिड, क्रोम असं काय काय सांडलेलं असतं. म्हणून तिथं पडलेलं पावसाचं पाणी थेट बाहेरच्या नाल्यात सोडायचं नसतं. ते आधी एका मोठ्या खड्ड्यात येतं आणि तिथून पंपानं शुद्धीकरणाच्या टाकीत जातं. खड्डा रिकामा ठेवायचा, एवढंच खरं काम. पण त्याच नाल्याच्या खालच्या अंगाला माझ्या ताईचं शेत आहे आणि नाल्याला खेटून तिची विहीर. घरात प्यायचं पाणी तिथलंच. त्यामुळं हे काम मी नुसती नोकरी म्हणून कधीच केलं नाही.

त्या वर्षी धुणं जोरात झालं. मुलाम्याच्या टाक्यांच्या कडा, जाळ्या, फरशी सगळं घासलं, आणि त्या क्रोमच्या विषारी पिवळ्या पाण्यानं खड्डा काठोकाठ भरला. मी सुपरवायझरला म्हणालो, "साहेब, आधी पंप चालवू, मग पूजा करा. आभाळ भरून आलंय."

"मुहूर्त टळतोय राव. परतीचा पाऊस हाय, येतो अन् जातो. उद्या दसऱ्याची सुट्टी, परवा उपसू की."

पालथ्या घड्यावर पाणी. पंपाला हार पडला, नारळ फुटला, पेढे वाटले. इलेक्ट्रिशियननं रीतीप्रमाणं मेन स्विच बंद केला, स्विचच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून पैठणला घरी गेला.

दुपारी पाऊस आला तो कोसळलाच. खड्डा ओसंडायला लागला तसा मी पंपाकडं धावलो, तर दोघं सोबती आडवे आले. "पूजा झालेल्या मशिनीला हात लावतो व्हय? आमच्या घरी लेकरंबाळं हायेत, बाबा." वाईट माणसं नव्हती ती. पोटाला घालणाऱ्या यंत्राला भिऊन वागणारी होती. मी त्यांना ढकललं, हार तोडला, बटण दाबलं. पंप हूं की चूं करेना. कुलूप फोडून वीज सुरू करेपर्यंत पिवळं पाणी भिंतीखालून नाल्यात उतरलं होतं.

ताईला फोन लावला. म्हणालो, "विहिरीचं पाणी काढू नको."

"अरे, नाला विहिरीत शिरलाय. पाणी लई पिवळं दिसतंय. काय हाय ते?"

मी तसाच भिजत उभा राहिलो आणि रडलो.

सुपरवायझर सगळ्यांना सांगत सुटला की दैवी आपत्ती होती. देवाच्या नावानं करायचं आणि निस्तरायची वेळ आली की देवावरच ढकलायचं! त्याचा मला आजही संताप येतो. पुढं विहीर उपसली, टँकर सुरू झाले, पण तिचं पाणी अजून कुणी तोंडात घेत नाही.

पण टँकर सुरू व्हायच्या आधी, दुसऱ्याच दिवशी, दसरा होता. आपट्याची पानं घेऊन मी ताईकडं गेलो. तिनं सोनं घेतलं, पण माझ्या तोंडून "सोन्यासारखी राहा" निघेना. पाहुण्याला आधी पाणी, ही तिची सवय. ती आत गेली, आदल्या सकाळी भरलेल्या माठातून तांब्या भरून आणला आणि उंबऱ्यातच थांबली. माझ्याकडं पाहिलं, आपल्या पोरींकडं पाहिलं, मग मागं वळून तांब्यातलं पाणी हळूच पुन्हा माठात ओतलं.

"बस," ती म्हणाली, "पण पाणी मागू नको. पोरींना रातीला तेवढंच हाय."