उसन्या मिशा

भुंगेरा हातात आला की शालनताई आधी तो कानाशी धरत. लांब मिशांचा भुंगेरा चिमटीत सापडला की मान घासून कुईकुई करतो. ते ऐकताना त्यांचा चेहरा माहेरचा फोन आल्यासारखा व्हायचा. "आदी त्येला बोलू द्यावं, मग नाव इचारावं," म्हणायच्या. बारामतीच्या कॉलेजात आम्ही दोघी प्राणिशास्त्र शिकवायचो. त्या वर्गातही आपल्या लोणी भापकर गावचंच बोलत आणि मुलं त्यांच्याच तासाला गर्दी करत. माझं शुद्ध मराठी बाकं ऐकायची.

भुंगेरे गोळा करायला आम्ही आसामला गेलो, व्हिएतनामला गेलो. एकीने झाडाखाली उलटी छत्री धरायची, दुसरीने फांदी काठीने झोडपायची. छत्री माझ्या हातात असली की मुंगळे पडत. त्यांच्या हातात गेली की देखणे भुंगेरे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मला एकच हवं होतं, एका तरी नव्या जातीच्या भुंगेऱ्याला माझं नाव. पण आमच्या शास्त्रात स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत, ते दुसऱ्याने द्यायचं असतं. व्हिएतनामहून आणलेला माझा एक भुंगेरा कुठल्याच वर्णनात बसेना. अंगाच्या तिप्पट मिशा! बरेच दिवस दडवून ठेवला, शेवटी नाइलाजाने त्यांच्यापुढेच ठेवला. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि कोमट पाण्यात बुडवलेला कुंचला मिशीच्या मुळाशी फिरवला. मिशी अलगद गळून पडली. प्रवासात मोडलेल्या मिशा मीच डिंकाने चिकटवल्या होत्या, पण चुकून त्याच डबीतल्या दुसऱ्या भुंगेऱ्याच्या.

"सुमे, मिशा उसन्या हायत गं. ह्यो आपला नेहमीचाच हाय."

हसल्या नाहीत. ते जास्तच लागलं.

पुढे इंदापूरजवळ आंब्याच्या वाळक्या फांदीवरून खरोखरच एक नवा पडला. छत्री अर्थातच त्यांच्या हातात होती. त्यांनी लिहिलेलं वर्णन छापून आलं, तेव्हा पाहिलं तर भुंगेऱ्याला नाव माझं. मी तणतणत त्यांच्या घरी गेले.

"असलं उपकाराचं नाव मला नकोय."

"उपकार कसला? तितं फांदी कुणी झोडपली? मी नुसती छत्री धरून हुबी हुते."

गेल्या वर्षी शालनताई गेल्या. तो भुंगेरा कॉलेजच्या कपाटात टाचणीवर आहे. मुलं विचारतात, "मॅडम, हाच का तुमच्या नावाचा?" मी ताठ मानेने हो म्हणते. मग एखादी विचारते, "ह्याचा आवाज कसा होता?"

इंदापूरला त्या दिवशीही त्यांनी तो आधी कानाशी धरला होता, आणि मी काठी घेऊन पुढच्या फांदीकडे गेले होते. त्या आवाजाबद्दल मी आजही त्यांच्यावर जळते.