अर्ध्या गाण्यांची विजयश्री

विजयश्री ढवळेला दोनशेच्या वर गाणी पाठ होती, पण लग्नानंतर लोकांसमोर तिनं त्यातलं एकही अख्खं म्हटलेलं नव्हतं. जे म्हटलं ते अर्धं. उरलेलं अर्धं शेजारी उभा असलेला पुरुष म्हणायचा.

काळेवाडीतल्या सूरसखा कराओके क्लबात ती चार वर्षं जात होती. दर रविवारी सकाळी एका मंगल कार्यालयाच्या तळमजल्यावर हा क्लब भरायचा. गुडघे गेलेले पण गळ्याची हौस न गेलेले, कंपन्यांतून निवृत्त झालेले पंचवीसेक पुरुष आणि सहा बायका. लॅपटॉपवर ट्रॅक लागायचा, पडद्यावर शब्द यायचे. पुरुषाच्या ओळी निळ्या, बाईच्या गुलाबी. ड्युएट प्रत्येकाला हवी आणि बायका सहाच, म्हणून बायकांना वर्गणी माफ होती. फुकट आलेल्या माणसानं आणखी काही कुठल्या तोंडानं मागायचं? बाईनं ड्युएटच म्हणायची, हे कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. लिहिलं असतं तर खोडता तरी आलं असतं.

विजयश्री चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करायची. पहाटे पावणेसहाला काळेवाडी फाट्यावरून कंपनीची बस. बसमध्ये बाकीच्या बाया झोपायच्या आणि ही खिडकीला डोकं टेकून इंजिनाच्या आवाजाखाली रियाज करायची. घरी सोय नव्हती, कारण घरी यशोदाबाई होत्या.

यशोदाबाई म्हणजे तिच्या सासूबाई. बार्शीकडच्या. विजयश्री शाळेत गाण्याचं पहिलं बक्षीस घेऊन या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी चुलीपुढं बसून सांगून टाकलं होतं, "ढवळ्यांच्या घरात बायका गात न्हाईत. गानं म्हननाऱ्या बाया येगळ्या असत्यात." झालं. पुढची वीस वर्षं विजयश्री भांडी घासतानासुद्धा गुणगुणली नाही. नवरा ज्योतीराम भला माणूस, पण आईपुढं त्याचं तोंड उघडत नसे. सासरे गेले, सासूबाईंचे पाय थकले, विजयश्रीचा पगार घरात येऊ लागला, तेव्हा कुठं ती क्लबात गेली. यशोदाबाईंनी महिनाभर अबोला धरला. मग तोही सुटला, पण सुनेचं गाणं त्यांनी कधी ऐकलं नाही.

त्या वर्षी ‘तंबोऱ्याआड’ नावाची गाण्यांची वेबसिरीज आली आणि क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला नुसता ऊत आला. गोष्ट अशी की एक नावाजलेला गवई, आणि त्याच्याहून सरस गळ्याची त्याची बायको. ती वीस वर्षं त्याच्या मागं बसून तंबोरा छेडते. शेवटी घर सोडते, एकदा मैफल मारते, आणि अखेरच्या भागात त्याला माफ करून परत येते. यावरून ग्रुपात दोन तट पडले. एक म्हणे, हा स्त्रीचा अपमान आहे. दुसरा म्हणे, हीच आपली संस्कृती. अपमानवाल्यांचे पुढारी होते निरंजन सर, क्लबाचे अध्यक्ष. त्यांचे मेसेज दोन-दोन वेळा ‘पुढे वाचा’ करावे लागतील एवढे लांब. "कलावंत स्त्रीला तंबोऱ्याआड दडपणारा हा समाज कधी सुधारणार?" असं ते विचारायचे. समाज काही उत्तर देत नसे.

एके दिवशी रुपाली नावाच्या शाळामास्तरणीनं, क्लबातल्या सहांपैकी एकीनं, ग्रुपात एवढंच लिहिलं, "आपल्या क्लबात तरी बायका सोलो कुठं गातात?"

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात चालला होता, तिथं ही बाई वाटी घेऊन वाढायला सांगत होती. मग निरंजन सरांनी जाहीर केलं की चिंचवडच्या नाट्यगृहात होणाऱ्या वार्षिक कार्यक्रमात एक खास सोलो महिलांतर्फे होईल, आणि तो विजयश्रीताई गातील. त्यावर टाळ्यांचे पंजे पडले.

तिनं सिरीजमधलंच नायिकेचं शेवटचं गाणं निवडलं. साडेपाच मिनिटांचं, सुरुवातीला लांब आलाप. महिनाभर बसमध्ये ते घोटलं. आलाप घ्यायला खिडकीपाशी जागा पुरेना, तेव्हा दोन संध्याकाळी ओव्हरटाइम नाकारून रुपालीच्या घरी जाऊन बसली. वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी पोरीसारखी छाती धडधडत होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तिनं यशोदाबाईंनाही विचारलं, कार्यक्रमाला येता का. मनात म्हटलं, नाही म्हणतील, दुसरं काय! पण म्हातारी म्हणाली, "येते. वीस वरसं नगं म्हनलं ते काय व्हतं, एकदा ऐकते तरी."

विजयश्रीला आता सगळ्या सभागृहाचं काही पडलं नव्हतं. तिसऱ्या रांगेतल्या त्या एका खुर्चीला ते गाणं अख्खं ऐकवायचं होतं.

कार्यक्रम रविवारी दुपारी साडेबारा ते चार. चारनंतर नाट्यगृह संध्याकाळच्या नाटकवाल्यांचं. मध्यंतराआधी वीस मिनिटांचा परिसंवाद ठेवला होता: ‘तंबोऱ्याआड आणि आजची स्त्री’. व्यासपीठावर चार खुर्च्या, चारही खुर्च्यांवर पुरुष. निरंजन सर बोलले, त्यांना खोडणारे बोलले, मग खोडणाऱ्यांना खोडणारे बोलले. नायिका परत आली हे चूक की बरोबर यावर एकानं टेबलावर मूठ आपटली. एकाला स्वतःची आई आठवून हुंदका आला, तो आवरेपर्यंत सगळे थांबले. मध्यंतर बुडालं, चहा बुडाला, आणि वीस मिनिटांचा परिसंवाद सव्वा तासानं संपला. विंगेत काठापदराची साडी नेसून उभ्या असलेल्या विजयश्रीचे पाय दुखून आले. आजच्या स्त्रीविषयी तिला बरीच नवी माहिती मिळाली होती.

चारला सात-आठ मिनिटं उरली असताना निरंजन सर घाम पुसत विंगेत आले.

"विजयश्रीताई, जरा घोळ झालाय. वेळच उरला नाही हो. तुमचा सोलो पुढच्या कार्यक्रमात नक्की, माझा शब्द! आता फक्त अनंतरावांची ड्युएट बसते. ते आपले प्रमुख पाहुणे, त्यांना नाही कसं म्हणणार? तुम्ही त्यांना साथ द्या."

अनंतराव म्हणजे भोसरीतले वर्कशॉपवाले, कार्यक्रमाचा सगळा खर्च उचललेले.

"चर्चेला वीसच मिनिटं होती ना, सर?" विजयश्री म्हणाली.

"विषयच तसा होता ना ताई," निरंजन सर म्हणाले. "आणि आम्ही सगळे तुमच्याच बाजूनं तर बोलत होतो!"

ती परत फिरली असती. पण तिसऱ्या रांगेत यशोदाबाई काठी मांडीवर आडवी धरून बसल्या होत्या, नजर स्टेजवर. अर्धं तर अर्धं, असं म्हणत ती गेली.

ट्रॅक सुरू झाला. अनंतराव निळ्या ओळी गायले, सुरापासून हातभर लांब. मग पडद्यावर गुलाबी ओळ आली. एकेक शब्द रंगत पुढं सरकू लागला. विजयश्रीच्या हातात माईक होता, ओळ तोंडपाठ होती, आणि तिनं तोंड उघडलं नाही. ठरवून नाही. आतून कुणीतरी म्हणालं, पुरे, आणि तिनं ते ऐकलं. वाद्यं वाजत राहिली, ओळ रंगून पुसली गेली. ट्रॅक काही कुणासाठी थांबत नाही.

"अहो, ताईंचा माईक चालू करा!" मागून कुणीतरी ओरडलं. साउंडवाल्यानं बटणं वरखाली करून हात हलवला की चालूच आहे. दुसरी गुलाबी ओळ आली, तीही तशीच गेली. तेव्हा अनंतरावांना स्फुरण चढलं. तिसरी ओळ त्यांनी आवाज बारीक करून, मान वेळावून स्वतःच म्हणून टाकली. सभागृह खदखदून हसलं. पुढचं अख्खं गाणं ते दोन्ही आवाजांत गायले, आणि दिवसभरातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यांना पडल्या. विजयश्री शेवटपर्यंत शेजारी उभी राहिली, मान खाली न घालता.

निरंजन सरांनी माईक घेतला. "माईकनं दगा दिला, पण अनंतरावांनी गाणं तोलून धरलं! एकानं दुसऱ्याची ओळ उचलायची, हीच खरी समानता, मित्रहो!"

दोघी रिक्षानं परत निघाल्या. डांगे चौक मागं पडल्यावर यशोदाबाई म्हणाल्या, "माईकला काय बी झालं नव्हतं. तू तोंडच उघडलं न्हाईस."

"तुम्हाला कळलं?"

"मला ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं." म्हातारीनं काठी सावरली. "पर त्यांना कुठं कळलं? तू रुसलीस ते त्यांना ठावंच न्हाई. सांग की."

विजयश्रीनं मोबाईल काढला. ग्रुपात अनंतरावांचा व्हिडिओ येऊन पडला होता, खाली हसरे चेहरे. तिनं लिहिलं, "माझा माईक चालू होता. मी मुद्दाम गायले नाही. माझा सोलो काढून घेतला म्हणून." आणि पाठवून दिलं. मग पदरानं मोबाईल पुसला, काहीच लागलेलं नसताना.

उत्तर काळेवाडीच्या सिग्नलला आलं. निरंजन सरांचं.

"काय आलं?" यशोदाबाईंनी विचारलं. "वाच."

विजयश्रीनं वाचलं, "ताई, मनाला लावून घेऊ नका. स्टेजवर भल्याभल्यांची दातखीळ बसते. पुढच्या वेळी नीट तयारी करून या." त्याखाली कुणीतरी परिसंवादाचा तुकडा टाकला होता, दिग्दर्शकाला बाईचं मन कळलंच नाही असं सर म्हणतात तो. त्याला एव्हाना बरेच पंजे पडले होते, आणि वाद पुन्हा सुरू झाला होता.

सिग्नल सुटला. यशोदाबाई सुनेकडं न वळता म्हणाल्या,

"आमी वाईट व्हतो. पर गाऊ नगं म्हनून तोंडावर तरी सांगत व्हतो."