राणी कोणत्या कुशीवर झोपायची

मंडळी, आज सकाळी सुनेच्या कुत्रीनं झोपेत सोफा ओला केला. सून म्हणाली, "आई, तुमच्या राणीलाही म्हातारपणी असंच व्हायचं ना? काय औषध दिलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे पेपरामागून बोलले, "कॉस्टिकम. सकाळी चार गोळ्या. डाव्या कुशीवर झोपायची आमची राणी."

चाळीस वर्षांनीही माझा तसाच जळफळाट झाला!

ऐंशीच्या सुमारास आम्ही राणीला सायकलरिक्षातून रामदासपेठेत होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. गोळी निवडायची म्हणून ते तिचा स्वभावच विचारत बसले. तहान किती? एकटी राहते का? ह्यांना सगळं तोंडपाठ. "घोट घोट पाणी पिते जी. एकटीले करमत नाही. मी ऑफिसातून यायच्या आधीच फाटकाशी जाऊन बसते."

अहो, फाटकाशी मीही उभी असायचे!

माझी डोकेदुखीही तेव्हा त्यांनाच दाखवायची होती. मग डॉक्टरांनी विचारलं, "आणि वहिनींची डोकेदुखी? त्या कोणत्या कुशीवर झोपतात?"

हे माझ्याकडे वळले. "कोणत्या कुशीवर झोपतं वं तू?" लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

म्हणून आज मुद्दाम विचारलं, "आणि मला कोणत्या गोळ्या दिल्या होत्या हो?"

ह्यांनी पेपर खाली केला. "तुहं डोकं दुखत होतं?"

मैत्रिणींनो, तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता, हे तुमच्या घरी कोणाला ठाऊक आहे?

आमच्याकडे फक्त राणीला ठाऊक होतं. ती डाव्या कुशीवर झोपायची, कारण ती माझ्या पोटाशी झोपायची.