दाढदुखीची रांग

दवाखान्यात नोकरी केली की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, घरी जाताना आपोआप सोबत येतात. भोरच्या आमच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मानसोपचाराचे डॉक्टर येतात. गावाच्या भाषेत, येड्यांचे डॉक्टर! त्यांच्या दाराबाहेरचं बाकडं कायम रिकामं. पेशंट बसतात शेजारी, दातांच्या डॉक्टरांच्या रांगेत, गालाला हात लावून. मीही नावं पुकारत नाही, डोळ्यांनीच खुणावते.

*

एकदा खरा दाढदुखीवाला चुकून आत गेला. डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते?" "न्हाई." "जेवण जातं?" "न्हाई." "घरात कुणाशी बोलता?" गडी रडायलाच लागला! बऱ्याच वेळाने डोळे पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "सिस्टर, दाढ ऱ्हायलीच की!"

*

वेल्ह्याची एक सासू सुनेला घेऊन आली. "हिला बाहेरचं हाय. पर गोळी द्या. भगताला इचारलंय, चालंल म्हनला."

चला, भगताची तरी परवानगी मिळाली!

*

कामथडीच्या एका बाईच्या नवऱ्याला मनाच्या आजारासाठी पुण्याला ॲडमिट केलं होतं. मला म्हणाली, "ताई, कुनी इचारलं तर कावीळ सांगा."

"कावीळ कशाला?"

"काविळीला मानसं भेटाय येत्यात."

त्या दिवशी मला डबा गेला नाही.

*

शिवऱ्याचे तात्या आणि त्यांच्या शेजारचा दिलीप. एकाच एसटीने यायचे, दोघेही आमच्याच डॉक्टरांचे पेशंट, आणि दोघेही दातांच्या रांगेत! "दाढ कशी हाय रं?" "बरी हाय तात्या. तुमची?" एवढंच बोलणं. दोघांनाही एकमेकांचं सगळं ठाऊक होतं, असं मला वाटायचं.

एकदा तात्या एकटेच आले. म्हणाले, "दिलीपनं जीव दिला." नंतर कितीतरी वेळ त्यांनी गालावरचा हात काढला नाही. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या महिन्यात ते सरळ त्या रिकाम्या बाकड्यावर जाऊन बसले. एसटीत जागा धरतात तसा शेजारी रुमाल टाकला. रांग बघत राहिली. मी हळूच विचारलं, "तात्या, दाढ?"

"दाढंला कवाच काय झालं न्हवतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

थोड्या वेळाने रांगेतून एक मुलगी उठली. गालावर हात तसाच.

"आजोबा, ही जागा कुनाची?"

"दिलीपची." तात्यांनी रुमाल उचलला. "बस."