तीन पायांची निरोगी मांजर

आमच्या मांजरीला तीनच पाय आहेत. चौथा इथे, नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये गाडीखाली गेला. पुण्याला जाताना तिला मांजरांच्या पाळणाघरात ठेवायचं होतं. फॉर्मवर डचमध्ये प्रश्न होता, ‘खेझोंट?’ म्हणजे निरोगी आहे का. मी ‘हो’वर टिक केली. काउंटरवरच्या बाईंनी मांजरीकडे पाहिलं आणि माझी टिक खोडून ‘नाही’वर केली.

माझं डोकंच सटकलं. मी इंग्रजीत सुनावलं, “आमच्या मराठीत निरोगी म्हणजे जिला रोग नाही ती. हिला एक पाय नाही. रोग कुठाय, दाखवा!”

“पण काहीतरी कमी आहे ना?”

मी त्यांच्या जाड चष्म्याकडे बोट केलं. “मग तुमच्या फॉर्मवर काय लिहायचं?”

त्यांनी कोरा फॉर्म दिला. मी ‘हो’वर इतकी दाबून टिक केली, की कागद फाटायचाच बाकी होता.