दंडावरचा काळा दोरा

काल गेलेल्या मंदाबाईंवर मी वर्षभर पाळत ठेवली होती.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला त्यांचा फोटो आहे. माउली, देवमाणूस वगैरे.
ज्या ऑफिसने त्यांना दुपारभर उभं केलं, तिथल्यांनीही ग्रुपवर फुलं टाकलीत.

मला इतकं सोपं जात नाहीये.

मंदाबाई आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीच्या सेविका. चकलांब्याच्या अलीकडे आमची वस्ती.
मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. झाले आणि एका संस्थेच्या सर्व्हेत लागले. लहान पोरांची वजनं घ्यायची, दंडाचा घेर मोजायचा आणि बाईंच्या रजिस्टरशी ताडून बघायचं, एवढंच काम.

दुष्काळाचं वर्ष. टँकर आला तर आला.
आणि बाईंच्या रजिस्टरमध्ये बहुतेक पोरं हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ठणठणीत!

संशय येणारच ना?

मग सापडलं. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या पोरांचंही वजन दर महिन्याला भरलेलं.

"बाई, हा तर तेव्हा कारखान्यावर होता. वजन कुणी केलं?"

"कावून गं? पोलिसात लागलीस का?"

मदतनीस कुसुममावशी खिचडी ढवळत होत्या. त्या हसल्या. "बाई, हिला फौजदारच करायला पायजे होतं."

मला वाटलं, दोघी सामील आहेत.

त्यानंतर मी पोरांच्या खाऊची पाकिटं मोजायला लागले. बाईंची पिशवी जाताना फुगलेली दिसते का, ते बघायला लागले.
पिशवीत काही सापडलं नाही. तरी मी बघतच राहिले.

दसरा झाला. तोडीच्या गाड्या लागल्या.
निघायच्या आदल्या दिवशी आया लेकरं घेऊन अंगणवाडीत आल्या. बाईंनी प्रत्येकाच्या दंडाला काळा दोरा बांधला. आत करंगळी घालून मापात गाठ मारायच्या.
"कपिलधारचा हाय. सोडायचा न्हाई."

सरकारी अंगणवाडीत गंडेदोरे! मी सायन्सची. डोकं सणकलं.

मी अर्ज लिहिला. खोटी वजनं आणि अंधश्रद्धा.
खाली नाव घातलं नाही. गेवराईला जाऊन पोस्टात टाकला.

चौकशी लागली. बाईंना तालुक्याच्या ऑफिसात बोलावलं, दुपारभर उभं केलं. पुन्हा दोरा बांधणार नाही, असं लिहून घेतलं. वजनांबद्दल नुसती समज दिली.

पुढच्या दसऱ्याला आया पुन्हा रांगेत.
"बाई, बांधा की."
"सायबानं बंद केलंय."

मी दारात उभी होते. खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं.

संक्रांतीच्या सुमाराला तोडीला गेलेली वस्तीवरची रंजना एकटीच एसटीने परत आली. कडेवर दीड वर्षाची गौरी.
अंगात दोन स्वेटर. ते काढले आणि मी दंडाला पट्टी लावली.

लाल.

"कळलंच न्हाई ओ ताई," रंजना रडत होती. "पहाटं फडात जायचं, अंधारात कोपीवर यायचं. थंडीची कापडं काढलीच न्हाईत. दोरा आसता तर कळलं आस्तं."

"दोऱ्याने काय कळणार?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेची पायरीच चढले नव्हते.
"उतरतो की. पोर वाळली की दोरा ढिला पडून कोपरावर येतो. मग बाईंला फोन लावायचा आन् दवाखाना गाठायचा. तुमाला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं.

वर्षभर पाळत ठेवली. एकदाही विचारलं नाही.

बाई आणि मी गौरीला घेऊन बीडच्या दवाखान्यात गेलो. दोन दिवस डॉक्टर नीट काही सांगत नव्हते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी बाईंना विचारलं, मग कपिलधारचा म्हणून का सांगायचं?

"मापाची पट्टी दिली तर म्हाताऱ्या फेकून देतेत. म्हणतेत, लेकराला मापू नका, नजर लागती. देवाचा दोरा कोण तोडील? गेवराईच्या बाजारातली रीळ हाय ती."

"आणि ती वजनं?"

"नाव कमी झालं तर परत आल्यावर पोराचा खाऊ बंद. पुन्यांदा नाव लावायला मी कुणाकुणाच्या पाया पडू?"

तरी माझा विश्वास बसेना. घरी येऊन भाच्याच्या दंडावर पट्टी आणि दोरा दोन्ही लावून बघितलं.
दोरा खोटं बोलत नव्हता.

वजनं खोटी होती. ते चूकच होतं, असं मला आजही वाटतं. त्या खोट्या हिरव्या पट्ट्यात एखादी गौरी लपून गेली असेल का, हा संशय माझ्या मनातून गेलेला नाही.

आमची गौरी वाचली. आता शाळेत जाते.

पण त्या बाकावर बाईंनी मला आणखी एक गोष्ट विचारली होती.

"अर्ज कुणी केला आसंल गं?"

मी म्हणाले, "काय माहीत."

"कुसुमच आसंल. मी गेले की तिलाच सेविका व्हायचंय."

मी गप्प बसले.

मी गप्प बसले म्हणून दोघींचा एक डबा दोन झाला. बाई कुसुममावशींच्या हातचा चहा घेईनाशा झाल्या. वस्तीत बायका मावशींना बघून बोलणं थांबवायला लागल्या. हे सगळं मी रोज बघत होते. बघण्याची मला सवयच होती.

काल बाईंना नेताना मावशी लांब बाभळीखाली उभ्या होत्या. त्यांना कुणी पुढे बोलावलं नाही.

म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तो अर्ज कुसुममावशींनी केला नव्हता. मी केला होता.

मावशींच्या घरात फोन फक्त त्यांच्या सुनेकडे आहे. वहिनी, त्यांना हे वाचून दाखवा. उद्या सकाळी मी दारात येते. घरात घ्यायचं की नाही, ते मावशींनी ठरवावं.

बाई, हे तुमच्या कानावर घालायला हवं होतं. नाही घातलं.
तुम्हाला शेवटचा नमस्कार.