कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात आई

"ऊठ गं. बघा रे सगळे, पुस्तकात विघटित कुटुंब म्हणतात ना, ते हे असं."

नांदेडच्या कॉलेजात, समाजशास्त्राच्या तासाला, सरांनी मला असं उभं केलं. सगळा वर्ग वळून बघून राहिला. मागं कुणीतरी खिदळलं.

झालं असं, की प्रत्येकानं आपल्याच घराच्या पाहणीचा फॉर्म भरायचा होता. मी खरं ते लिहिलं. कुटुंबप्रमुख आई. सदस्य आत्या अन् मी. बाप मी तिसरीत असताना दुसरी बायको करून गेला, परत दारात फिरकला न्हाई. त्याचं नाव कशाला लिहू? आत्या त्याची सख्खी बहीण. नवरा मेल्यावर सासरच्यांनी माहेरी आणून टाकलेली. बाप गेला तेव्हा आमचं सारं अर्धापूर गाव म्हणलं, आता भावजय नणंदेला हाकलणार. आईनं हाकललं न्हाई. दोघी केळीच्या मळ्यात जातात, घड वाहून वाहून दोघींच्या खांद्याला घट्टे पडलेत.

सरांनी लाल पेननं आईचं नाव खोडलं. वर 'वडील' लिहिलं. म्हणाले, "नणंद-भावजयीचं काही कुटुंब होत नसतं. उद्या नीट लिहून आण, नाहीतर प्रात्यक्षिकाचे मार्क विसर."

सर मोठ्या शेतीवाल्या घरातले. आमच्याकडं बत्तीस माणसं एका चुलीवर जेवतात, हे वर्षभर सांगायचे. त्या बत्तीस जणांच्या भाकरी कोण थापतं, ते कधी सांगितलं न्हाई.

घरी आले अन् आत्याला म्हणलं, "फॉर्मात तुला पाहुणी लिहू का?" सांगायची लाज वाटते, पण म्हणलं खरं.

आत्या खाली बघत बोलली, "लिही माय. तुझे मार्क जाऊ नयेत."

आई ताडकन उठली. "पाहुणी? तुला न्हाण आलं तवा पहिला तांब्या हिनं घातला. रांडमुंडीचा हात नको म्हणून बाया उठून गेल्या. जा म्हणलं मी त्यास्नी. अन् तू हिला पाहुणी लिहितीस?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी वर्गात केलं ते मी घरात करून राहिले होते. आत्याच्या पाया पडले. ती नुसती रडली.

दुसऱ्या दिवशी कोरा फॉर्म घेतला. प्रमुख आई. सदस्य आत्या अन् मी.

"परत तेच?"

"हाव सर. तेच."

"शून्य देईन."

"द्या."

दिलं.

आता मी त्याच विषयात एम.ए. करून राहिले. उद्या शिकवीन. माझ्या वर्गात कुणाच्या आईचं नाव खोडू देणार न्हाई. खोडायला कुणी आलाच, तर त्याच्या हातातला पेन हिसकून घेईन. मग तो सर का असंना.